सुकदेवनानांचे बोल्ट

सुकदेवनानांच्या घरी जेवायला गेलं की जमिनीवर बसावं लागे, कारण घरातला एकुलता एक पाट बोल्टांसाठी राखलेला होता. त्याला नानांनी दोन ओळींत भोकं पाडली होती. इंजिनच्या ज्या भोकातून जो बोल्ट निघाला, तो पाटावरही त्याच जागी बसायचा. पंगतीत पाहुण्यानं जागा बदललेली चालेल, बोल्टानं नाही.

नाना धुळ्यातले मोटारमिस्तरी. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, लेकी सासरी. मी डॉक्टर, खेड्यापाड्यांत फिरायला घेतलेली माझी जुनी मोटार रोग्यांपेक्षा जास्त आजारी असे. शेवटी नानांनी तिचं इंजिन पुरतं उघडलं आणि दोन दिवस नुसते बोल्ट धुतले. रॉकेलमध्ये बुडवायचे, तारेच्या ब्रशनं आटे घासायचे, पुसायचे, मग आट्यांवर तेलाचा एक थेंब. मी म्हटलं, "नाना, दोन थेंब टाका की."

"डाक्टर, दवाई बी असीच दुप्पट देतस का तुम्ही?"

आवळणं म्हणजे तर सोहळाच. सुरुवात मधल्या बोल्टापासून, मग एक इकडचा, एक तिकडचा, असं कडेपर्यंत. एका दमात एकही पुरता आवळायचा नाही. तीन फेऱ्या, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये चहा. "बसू द्या त्यासले," म्हणून नाना बशी तोंडाला लावत. शेवटच्या फेरीला ते डोळे मिटून घेत आणि बाकीच्यांना बोलायची बंदी. मला नेमकी तेव्हाच शिंक आली. नानांनी सगळे बोल्ट सैल केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. जखमेच्या टाक्यांनाही मी एवढा वेळ देत नसे, पण तसं बोलायची छाती नव्हती.

मोटार सुरू झाली तेव्हा म्हणाले, "पाचशे मैल झाले का ऐतवारले लेई या. परत आवळू."

इंजिन तापून निवून बोल्ट जरा सैल पडतात, हे खरं. पण त्याच महिन्यात मी दवाखाना जळगावला हलवला. पाचशे मैल झाले तेव्हा धुळ्याला जायचा कंटाळा केला आणि इथल्याच एका मिस्तरीकडून अर्ध्या तासात काम उरकून घेतलं.

पंधरा दिवसांनी नाना पत्ता विचारत एसटीनं दारात हजर. हातात पिशवी, पिशवीत पाना.

"तुम्ही ऊनात नही, मीच ऊनू."

मी गेलो नव्हतो, म्हणून तेच आले होते. त्यांनी बॉनेट उघडलं, मधल्या बोल्टाला पाना लावला. तो हलला नाही. दुसराही नाही. तरी ते शांतपणे शेवटच्या बोल्टापर्यंत गेले.

"कोनी तरी आधीच आवळेल शेतस," ते म्हणाले. "हात चांगला शे त्याना."

पाना पिशवीत ठेवताना आतला डबा दिसला. माझ्या बायकोनं विचारलं, "हे काय आणलंत, नाना?"

"भरीत-भाकर. दोन ऐतवार करी ठेवं, डाक्टर ऊनात नही. म्हटलं, लेई जाऊ."

मला स्वतःची लाज वाटली. बोल्ट आवळून घ्यायला आलेल्या कुणालाही नाना जेवल्याशिवाय सोडत नसत, हे मी स्वतः पाहिलं होतं. पाचशे मैलांनी परत येणारी माणसं, एवढाच त्यांचा गोतावळा होता, आणि त्यातून मी गुपचूप निसटलो होतो.

आम्ही जेवायला बसलो. मी म्हटलं, "नाना, पुढच्या रविवारी मोटार घेऊन येतो."

"आते काय काम? बठ्ठा बोल्ट घट्ट शेतस."

"काम नाहीच. जेवायला येतो."

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"मंग सकायमाच या, चहाले," म्हणाले.