प्लीज, नाव घ्या!

कासारवाडीच्या ज्योतीरामचा पाय मोडला आणि घरची चूल पेटती ठेवणं त्याच्या बायकोवर, दुर्गाबाईवर येऊन पडलं. पिंपरीच्या औषधांच्या नव्या कंपनीत बाटल्या भरायला बायका घेणार होते, पण मुलाखत घेणाऱ्या मॅडम गोऱ्या, इंग्रजीच बोलणाऱ्या. म्हणून शेजारच्या सुमनताईंनी दुर्गाबाईकडून इंग्रजी नाती घोकून घेतली. वर ताकीद दिली, "काही मागायचं तर आधी प्लीज!" बाई भाकरी थापता थापता सासूला 'मदर-इन-लॉ' म्हणू लागली. काय हुशार बाई हो!

मुलाखतीत मॅडमनी पहिलंच विचारलं, "हजबंड्स नेम?"

झाली का पंचाईत! नवऱ्याचं नाव घ्यायचं? तेही परक्यांपुढे?

"माय मदर-इन-लॉज सन," दुर्गाबाई पदर सावरत म्हणाली.

"नेम?"

"माय ब्रदर-इन-लॉज बिग ब्रदर."

"नेम, प्लीज!"

"माय सन्स फादर."

मॅडम बोटांवर मोजू लागल्या. "हिच्या घरी पुरुष तरी किती?" त्यांनी सयाजी कारकुनाला विचारलं. रांगेतली अंबूबाई पुढे सरसावली, "आवो, म्या सांगते की!" पण मॅडमनी तिला हातानेच थांबवलं.

सयाजीने हसू दाबत आपली रीत समजावली. झालं उलटंच! मॅडम म्हणाल्या, "घरच्या माणसाचं नाव जिच्या तोंडून निघत नाही, ती औषधांची नावं काय वाचणार? नेक्स्ट!"

घरी अंथरुणावर पडलेला नवरा दुर्गाबाईच्या डोळ्यांपुढे आला. ती जागची हलली नाही.

"प्लीज मॅडम, वन मिनिट!" असं म्हणून तिने खणखणीत आवाजात सुरू केलं,

"मदर-इन-लॉ प्रेमळ माझी, ब्रदर-इन-लॉ अजून पोर,
ज्योतीरामांचं नाव घेते, प्लीज, मॅडमच्या समोर!"

रांगेतल्या बायकांनी एकच गिल्ला केला. सयाजीने अर्थ सांगितला, तशा मॅडम टाळ्या वाजवत उठल्या आणि सोमवारपासून कामावर यायला सांगून मोकळ्या झाल्या. मानलं बाई दुर्गाबाईला!

घरी ज्योतीराम दाराकडे डोळे लावून बसला होता. "काय इचारलं गं?"

"तुमचं नाव."

"मग?"

"घेतलं की! समद्या कंपनीसमोर. लागली नोकरी."

ज्योतीराम कानापर्यंत लाल झाला. "आन् घरात इतकी वर्सं एकदा बी घेतलं न्हाईस ते?"

दुर्गाबाई चुलीकडे वळत म्हणाली, "घरात कुणी कधी प्लीज म्हनलं का?"