तीन पत्रे, तीन प्रायमर

शुक्रवार, १७ मे १९९६. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, वडखळच्या अलीकडे, दिनानाथांच्या फियाटच्या उजव्या दारावरचा पिवळा प्रायमर एका तुकड्यात सुटला आणि मागून येणाऱ्या एसटीच्या काचेवर जाऊन बसला. एसटीचा ड्रायव्हर काय म्हणाला ते इथे देण्याची गरज नाही.

अकरा वाजता पेणला आरटीओकडे गाडीचं पासिंग होतं. नोंदणीची मुदत त्याच दिवशी संपत होती. "पासिंग झालं नाही तर गाडी तिथेच उभी करणार, एक फूटही पुढे नेणार नाही," असं दिनानाथांनी जाहीर केलं होतं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हेडक्लार्क होते, त्यामुळे ते खरंच तसं करतील अशी सर्वांना धास्ती होती. सर्वांत जास्त धास्ती त्यांच्या पत्नीला, सगुणाबाईंना. पेणच्या पुढे खाडीकाठच्या गावात त्यांचं माहेर. तिथे संध्याकाळी सहा बावीसला भाचीचं लग्न. एकतीस वर्षांत त्या माहेरी एसटीतून, टेम्पोतून आणि एकदा मिठाच्या ट्रकमधून उतरल्या होत्या. स्वतःच्या गाडीतून कधीच नाही.

गाडीचे दोन्ही पुढचे दरवाजे आणि बॉनेट कुजलं होतं. सोमवारी गुणाजी डेंटरने अष्टमी गावात, दिनानाथांच्या अंगणातच, तिन्ही ठिकाणी नवा पत्रा बसवला. मंगळवारी सकाळी पत्र्यावर गंजाचं तांबूस पुरळ उठलं होतं. कुंडलिका नदीवरची दमट हवा.

"आता घासतो आन् लगेच झिंक क्रोमेट मारतो," गुणाजी म्हणाला. "उघड्या पत्र्याला पिवळाच लागतो."

"कोण म्हणतो?" शेजारचे पुंडलिक कुंपणावरून म्हणाले. ते धाटावला कंपनीत फोरमन. "आमच्याकडं सगळ्या टाक्यांना रेड ऑक्साइड हाय. वीस वर्षं हलला नाय."

"टाकी बी वीस वर्षं हलली नाय, पुंडलिकशेठ. गाडीला चाकं असतात."

तेवढ्यात सगुणाबाईंचा धाकटा भाऊ मोरू लग्नाची पत्रिका घेऊन आला. तो पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करायचा. पत्रिका त्याने दारातच दिली आणि पत्र्याकडे वळला. "दाजी, पहिला हात पांढऱ्याचा. त्यावर कुठलाबी रंग खुलतो. मूर्तीला आम्ही तोच देतो."

"मूर्ती दीड दिवसात बुडवायची असते," गुणाजी म्हणाला. "गाडी बुडवायची नाय."

मोरू त्या दिवशी परत गेला नाही.

दिनानाथ कोणाचंही मन मोडत नसत. त्यांनी तिघांची मतं लेखी मागवली. बुधवारी सकाळी मात्र पत्रा लखलखत होता, गंजाचा ठिपका नाही. गुणाजी म्हणाला, ही त्याच्या पॉलिश पेपरची करामत. पुंडलिक म्हणाले, वारा फिरला. मोरूच्या मते त्याचा पायगुण. गुरुवारी सकाळीही तसंच.

"अहो, येताना तेलाची बाटली आणा," सगुणाबाई म्हणाल्या.

"परवाच आणली होती."

"केस गळतायत."

गुरुवारी संध्याकाळी पाचला निर्णय झाला. उजवं दार गुणाजीला, बॉनेट पुंडलिकांना, डावं दार मोरूला. रंगाला आता वेळ नव्हता. प्रायमरवरच पासिंगला न्यायचं ठरलं. प्रायमर मारण्याआधी पत्रा थिनरने पुसतात. पण इतक्या स्वच्छ पत्र्याला पुसणं म्हणजे स्वतःच्याच कामावर संशय, असं गुणाजीला वाटलं. इतरांना थिनर द्यायचा प्रश्नच नव्हता.

म्हणून शुक्रवारी तिघंही गाडीत होते. आपला प्रायमर टिकतो हे प्रत्येकाला डोळ्यांनी पाहायचं होतं.

"गेला तुझा झिंक क्रोमेट," मागच्या सीटवरून पुंडलिक समाधानाने म्हणाले.

दहा सत्तावीसला बॉनेटवरचा रेड ऑक्साइड सोलला आणि समोरच्या काचेवर येऊन चिकटला. दिनानाथांनी वायपर लावला. काच एकसारखी तांबडी झाली.

"अहो, थांबवा गाडी!" सगुणाबाई ओरडल्या.

"थांबवतोय! पण कुठे आहे रस्ता?"

काच मोरूच्या टॉवेलने पुसली. "आमचा पांढरा बघा, कसा बसलाय," असं म्हणत मोरूने उतरून डाव्या दारावर थाप मारली. पांढरा हात त्याच्या हाताबरोबर आला.

अकरा दहाला निळी फियाट तीन उघडे पत्रे चमकवत पेणच्या आरटीओच्या आवारात शिरली. साहेबांनी कागद पाहिले, गाडीभोवती एक फेरी मारली.

"पत्रा कधी बसवला?"

"सोमवारी, साहेब," दिनानाथ म्हणाले.

"मे महिन्यात, नदीकाठी, चार दिवस उघडा? एक ठिपका गंज नाही. कडेला उरलाय तो प्रायमर कोणी मारला?"

"मी," गुणाजी म्हणाला.

"मी," पुंडलिक म्हणाले.

"मीच की!" मोरू म्हणाला.

साहेबांनी दारावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "यातला खोबरेलवाला कोण?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दिनानाथांनी सगुणाबाईंच्या अंबाड्याकडे पाहिलं.

"बघताव काय?" सगुणाबाई म्हणाल्या. "माझा बाबा मिठागरात कोयत्याला रोज तेल लावायचा. तीस वर्षं एकच कोयता. तुमचं भांडण मिटायच्या आत पत्रा खलास झाला असता. पहाटे उठून लावत व्हते."

"गो ताई, तेलावर प्रायमर बसत नाय!" मोरू ओरडला.

"मग विचारायचं व्हतं. माझं मत कोणी लेखी मागितलं?"

साहेबांनी अर्ज पुढे ओढला. नोंदवहीप्रमाणे रंग: फिकट निळा. पाहणीत आढळलेला रंग, या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी टोपण लावलं आणि जेवून अडीचला बघू म्हणाले.

दुपारी एक वाजता रकाना कोरा होता. गाडी आवारात, उन्हात उभी होती. एवढ्या माणसांचे घामट हात लागून डाव्या दारावर तांबूस बोटं उमटायला लागली होती. सगुणाबाईंनी आहेराच्या पिशवीतून बाटली काढली, तळहातावर तेल घेतलं आणि चौघांच्या देखत दार चोळायला सुरुवात केली. या वेळी बाटलीचं बूच गुणाजीने धरलं.