सुमनआत्याच्या प्रदर्शनातला मी

सुमनआत्या फोटो काढायची परवानगी विचारते, पण फोटो काढून झाल्यावर. "काढू का रे?" असं ती म्हणते तेव्हा कॅमेरा पिशवीत परतही गेलेला असतो. साकोलीच्या बाजारात सत्तरीची ही बाई नऊवारीखाली बूट घालून वांग्यांच्या ढिगाआडून उगवली, की भलेभले पोट आत घेतात. उपयोग होत नाही.

आतोबांचा फोटो स्टुडिओ होता. तिथे आत्याने उभी हयात लोकांच्या हनुवट्या सरळ करण्यात घालवली. आतोबा गेले, घरोघरी मोबाइल आले, स्टुडिओला कुलूप लागलं. आत्या कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरली. "स्टुडिओत मानूस कुठी येते? त्याचा इस्तरीचा शर्ट येते," हे तिचं ठरलेलं वाक्य.

गेल्या हिवाळ्यात तिने बाजाराजवळच्या सभागृहात फोटोंचं प्रदर्शन मांडलं. माझ्या मुलीला बघून गेलेली तुमसरची मंडळी त्याच दिवशी होकार-नकाराचा निरोप द्यायला येणार होती, आणि आधी प्रदर्शन पाहणार होती. आमच्या घरात कलावंत आहे, ही बढाई मीच मारली होती.

मंडळींच्या आधी म्हणून गेलो आणि दारातच थांबलो. समोरच्या भिंतीवर मी. माणसाएवढा. आपल्याच दुकानात तांदळाच्या पोत्यांवर आडवा, बनियन बेंबीच्या वर, आणि तोंड असं उघडं की दाढा मोजून घ्याव्यात. बायकोने आजवर एकटीने सोसलेलं आता अख्खी साकोली पाहत होती.

आत्याला हात जोडले. सोयरीक मोडेल म्हटलं, तो फोटो उतरव. ती ऐकेना. शेवटी मीच स्टूल ओढून वर चढलो, तर तिने माझं मनगट धरलं.

"राहू दे ना बाबू. तुझा बाप असाच झोपे. होते नव्हते ते सारे फोटू पवनीच्या अल्बमात, तो पुरात वाहून गेला, माझ्या दादाचा एकही फोटू नाही राहिला मले. त्या दिवशी तुले पाहिलं, न् दादाच दिसला मले."

पवनीचं आमचं जुनं घर पाण्यात गेलं तेव्हा मी भांडी वाचवली होती. अल्बम कुणाच्या लक्षातच आला नाही. आणि बाबा कसे झोपत, हे मी केव्हाच विसरलो होतो.

तेवढ्यात मंडळी आली. होणारे व्याही नेमके त्याच फोटोपुढे थबकले. फोटोकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या माझ्याकडे.

"हे कोन होत जी?"

मी खाली उतरलो.

"आमचे बाबा," म्हणालो.

व्याही हसले. त्यांच्याकडचे म्हातारेही असेच पसरत म्हणे. आमची सोयरीक तिथेच जुळली, असं मी मानतो.

आत्या मात्र माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने कॅमेरा गळ्यातून काढून माझ्या हातात दिला, पदर सारखा केला आणि फोटोशेजारी जाऊन उभी राहिली.

"माझा मोठा भाऊ," ती पाहुण्यांना म्हणाली.