नानांचा दम

कुणी भेटलं की नमस्काराआधी नाना पुणतांबेकर छातीभर श्वास घ्यायचे आणि संध्येतली विष्णूची चोवीस नावं एका दमात म्हणून दाखवायचे. समोरचा बावचळला की म्हणायचे, “दम है तो सब है, गुरु.”

नाना रेल्वेतून निवृत्त झालेले. तीन पिढ्या काशीत गेलेल्या, त्यामुळे घरात मराठी आणि गल्लीत हिंदी. बँकेच्या बदलीवर मी इथे आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. दीड वर्षापूर्वी नानांनी पस्तीस वर्षांची बिडी सोडली होती आणि आता सगळ्या गल्लीने सोडावी म्हणून ते मागे लागले होते. सकाळचा खोकला गेला, वरणातल्या हिंगाचा वास कळायला लागला, हे त्यांनी दूधवाल्यापासून पुरोहितापर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. ते दिसले की पानवाला काड्यापेटी लपवायचा.

एकदा मला त्यांनी गच्चीवर सिगरेट ओढताना पकडलं. रागावले नाहीत. दुसऱ्या सकाळी दशाश्वमेध घाटावर नेलं आणि पाण्यापासून वरपर्यंत बोलत बोलत चढायचं म्हणाले. अर्ध्यावर माझं बोलणं ‘हं’वर आलं. नाना वर पोचून रेल्वे यार्डातला किस्सा रंगवून सांगतच होते. मी मटकन खाली बसलो.

खाली येऊन ते शेजारी टेकले. बिडी सोडली तेव्हा पहिला आठवडा सगळ्यांशी भांडलो, बडीशेप चावून गाल दुखले, असं सांगत होते. मग म्हणाले, “फुफ्फुसं मोठ्या मनाची असतात रे. आपण थांबलो की ती कामाला लागतात.”

आठवड्याने मुन्शी घाटावर ते बायकोबरोबर, कमलकाकूंबरोबर, दिसले. दर पाच-सहा पायऱ्यांनी नाना छातीवर हात ठेवून खाली बसत, दम लागला म्हणत. धापा टाकणाऱ्या काकूही मग बसत. त्यांचा श्वास जागेवर आला की नाना उठत.

तुम्हाला इथे कसा दम लागतो, असं मी नंतर विचारलं. काकू जवळपास नाहीत ना, हे नानांनी आधी पाहिलं.

“बिडी मी ओढली, दमा तिचा वाढला,” ते म्हणाले. “आता घरात धूर नाही, तर बिचारी घाटापर्यंत येते. तिला वाटतं, मीच थकतो. वाटू दे.”

त्या दिवसापासून माझं गच्चीवर जाणं थांबलं.

पुढे एकदा काकूंनी मला जिन्यात गाठलं. हळूच म्हणाल्या, “घाटावर त्यांच्यासोबत जात जा हो. बोलतात मोठं, पण पायऱ्या चढवत नाहीत त्यांना.”

मी हो म्हटलं.