तटस्थ भूमी नशिराबाद

नाना चौधरींच्या घराला कुलूप नव्हतं. विसरले म्हणून नव्हे की घरात काही नव्हतं म्हणूनही नव्हे. दाराच्या कडीत नुसती एक काडी खोचून हा माणूस सकाळच्या बसनं धुळ्याला जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. आणि घरात काय, तर तीन भिंतींना छतापर्यंत जुनी पुस्तकं. चामड्याच्या बांधणीची, सोनेरी अक्षरं पुसट झालेली, लंडनला नाहीतर पॅरिसला छापलेली. काही तर आपल्याकडे पेशवाई चालू होती तेव्हाची. सगळी एकाच विषयावरची. देशादेशांमधला कायदा, लढाई कशी थांबवावी, तह कसा करावा. एका पुस्तकासाठी मुंबईचे एक प्राध्यापक नानांच्या पाया पडायच्या बेताला आले होते. नानांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. अशा घराला कुलूप का नव्हतं ते शेवटी सांगतो, आधी नाना सांगतो.

नाना एका कॉलेजात कायदा शिकवून निवृत्त झाले होते. आंतरराष्ट्रीय कायदा हा त्यांचा विषय. पेपर सोपा असतो अशी अफवा होती म्हणून पोरं तो घेत आणि मग आयुष्यभर त्याचं नाव काढत नसत. पत्नी वारलेली, एकुलती मुलगी नाशिकला दिलेली. त्र्याऐंशीच्या सुमाराला आम्ही जळगावात त्यांच्या शेजारी राहायला आलो, ओट्याला ओटा लागून. पहिल्याच दिवशी मी खिळा ठोकायला हातोडी मागायला गेलो. नानांनी मला बसवलं, स्वतः उठून माठातलं पाणी दिलं आणि समुद्राचा कायदा समजावून सांगितला. किनाऱ्यापासून कुठवर आपलं आणि कुठून पुढं सगळ्यांचं, हे मला नकाशासकट कळलं. आता आमच्या जळगावात मेहरूणच्या तळ्यापलीकडे पाणी नाही, पण ते सांगायची सोय नव्हती. हातोडी त्यांच्याकडे नव्हतीच.

धुळ्याला आग्रा रोडच्या मागं रज्जाकभाईंचं रद्दीचं गोडाऊन होतं. धुळ्यातला एखादा जुना वकील वारला की त्याची मुलं कपाटं रिकामी करत आणि सगळा माल किलोनं रज्जाकभाईंकडे येई. रज्जाकभाईंना इंग्रजीचा गंध नव्हता, तरी नानांचा माल ते बरोबर बाजूला काढून ठेवत. मी एकदा नानांबरोबर गेलो होतो तेव्हा त्यांना युक्ती विचारली. "सोपं आहे साहेब," ते म्हणाले. "जिसमें एक भी फोटो नही आणि जे एका हातानं उचलत नाही, ते नानासाबचं." या कसोटीवर नानांकडे गुरांच्या रोगांवरचा एक जाडजूड ग्रंथही आला होता. तोही त्यांनी परत केला नाही. म्हणाले, "राहू द्या. साथीचे रोग सरहद्द मानत नाहीत."

रविवारी पुस्तकांना ऊन दाखवायचा कार्यक्रम असे. ओट्यावर खाट, खाटेवर धोतर, धोतरावर ग्रंथ आणि पानापानांत कडुनिंबाचा पाला. जगातल्या सगळ्या भांडणांवर नानांकडे तोडगा होता, पण पुस्तकं खाणाऱ्या कसरीशी त्यांनी कधी तह केला नाही.

एकदा सामाईक गच्चीवर बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, वाळत घालण्यावरून माझी बायको आणि पलीकडच्या पाटीलबाई यांचं वाजलं. प्रकरण माहेरच्या उद्धारापर्यंत गेलं तेव्हा बायकोनं मला नानांकडे पिटाळलं. मी कडी वाजवली मात्र, नाना एका पायात चप्पल घालून धावत आले. "माफ करा हं, ताटकळलात! दूताला दारात ताटकळत ठेवू नये. जुन्यातल्या जुन्या ग्रंथात पहिला नियम हाच." पुन्हा स्वतःच्या हातानं पाणी. मग खडू घेऊन ते गच्चीवर आले आणि त्यांनी दोन रेघा ओढल्या. इकडचा भाग आमचा, तिकडचा पाटलांचा आणि मधला पट्टा तटस्थ भूमी; तिथं कोणीही बिबडी टाकायची नाही. दोन दिवसांनी बायकांच्या लक्षात आलं की सगळ्यात कडक ऊन त्या मधल्या पट्ट्यातच पडतं. दोघींनी मिळून तिथं बिबड्या घातल्या आणि नानांना गच्चीवर यायची बंदी केली. नाना खूश! "तह टिकला," म्हणाले. "दोघींना मिळून एक शत्रू मिळाला."

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गल्लीतली भांडणं मिटवणारा हा माणूस स्वतःच्या सख्ख्या भावाशी बोलत नव्हता.

भाऊ फैजपूरला. नानांपेक्षा धाकटा, सगळे त्याला आप्पा म्हणत. वडिलांच्या मागं केळीचं शेत दोघांत वाटलं गेलं, विहीर मात्र सामाईक राहिली. नानांचा वाटा बटाईनं दिलेला. एका उन्हाळ्यात विजेचा घोळ झाला, आप्पाची केळी वाळायला लागली आणि त्यानं नानांच्या पाळीचं पाणी आपल्या शेतात घेतलं. बटाईदारानं येऊन कागाळी केली. दुसरा कोणी असता तर बस धरून गेला असता, चार शिव्या दिल्या असत्या आणि वांग्याचं भरीत खाऊन परत आला असता. नानांनी सख्ख्या भावाला रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस पाठवली. आप्पा ती नोटीस हातात घेऊन जळगावला आला होता म्हणे. "नाना, तुले तोंडानं बोलता येत नव्हतं का?" एवढं विचारून उभ्या उभ्या निघून गेला. त्यानंतर दोन्ही घरांतल्या लग्नांत दोघं एकमेकांना दिसले, बोलले नाहीत.

हे मला नानांनी एका रविवारी, पुस्तकं उलटता उलटता सांगितलं. हातात धुळ्याहून नव्यानं आलेलं पुस्तक होतं. त्यात दोन राजांनी नदीच्या मधोमध तराफ्यावर भेटून तह केल्याची हकिगत होती.

"तराफ्यावर का?" मी विचारलं.

"म्हणजे कोणी कोणाच्या दारात गेलं असं होत नाही."

"मग काय, तापीत तराफा टाकता?"

"विचार केला होता," नाना गंभीरपणे म्हणाले. "पण या दिवसांत पाणी कमी असतं."

मला हसू आवरेना. म्हटलं, नाना, सरळ फैजपूरला जा ना. त्यांनी पुस्तक मिटलं. "मी त्याच्या दारात गेलो तर मी हरलो. तो माझ्या दारात आला तर तो हरला. आणि त्याला हरवून मला काय करायचंय हो?"

तर तापीऐवजी नशिराबाद ठरलं. फैजपूरहून जळगावला येणारी बस तिथं थांबते, म्हणजे दोघांना सोयीचं. केळीच्या ट्रकवाल्याबरोबर निरोप गेला : रविवारी सकाळी नशिराबादच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात भेटू. उलट निरोप आला, "येतो."

होळी नुकतीच झाली होती. नाना इस्त्रीचा कोट घालून निघाले आणि साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं. जाताना त्यांनी दाराला भलंमोठं अलिगढी कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. हॉटेलात गेल्या गेल्या त्यांनी बाकडं नाकारलं आणि एकाच उंचीच्या दोन खुर्च्या मागितल्या. एक जरा डुगडुगत होती. ती त्यांनी स्वतःकडे घेतली. हॉटेलवाल्याला वाटलं, सोयरीक जमवायला आलेत. त्यानं विचारलं, "पोरगी कुठली?"

फैजपूरची बस आली, थांबली, गेली. कोणी उतरलं नाही. "पुढच्या गाडीनं येईल," नाना म्हणाले. "त्याला लहानपणापासून उशिराची सवय." पुढची गाडीही आली आणि गेली. नाना दर वेळी उठून कोटाची बटणं लावत आणि खाली बसले की काढत. तिसऱ्या चहाला त्यांनी हात लावला नाही. दुपार कलल्यावर आम्ही जळगावला परतलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "नाही म्हणायचं होतं तर तसं कळवायचं."

नानांच्या ओट्यावर केळीचा एक घड ठेवला होता. माझी बायको धावत बाहेर आली.

"अहो, फैजपूरचे आप्पा येऊन गेले! सकाळी पहिल्या गाडीनंच आले. मी म्हटलं, नाना नशिराबादला तुमचीच वाट बघतायत. तर म्हणाले, 'रस्त्यावर भेटाले मी काय परका हाये का? भाऊ भावाच्या घरीच भेटते. येईन तो, मी बसतो.' तिथं उन्हात बसून राहिले बिचारे. मी घरात बोलावलं, पाणी आणलं. म्हणाले, 'नानाच्या हातचंच पितो.' शेवटी दुपारी उठले. म्हणाले, 'नानाले सांगजा, आप्पा येऊन गेला.'"

नाना कुलपाकडे बघत उभे राहिले. मला त्या घडाकडे बघवेना.

मी म्हटलं, संध्याकाळची गाडी आहे, आत्ता निघू. पण आता नाना वेगळ्याच तऱ्हेनं हरखले होते. "आला! माझ्या दारात आला तो! आता असं हात हलवत नाही जायचं. अक्षय्य तृतीयेला, आपल्या अखाजीला जाऊ. आईबाबांच्या नावाची पाण्याची घागर दोघं मिळून भरू, रस खाऊ, त्याच्या घरी मुक्काम करू." त्यांनी आप्पासाठी धोतरजोडी आणली. वहिनींसाठी पातळ निवडायला माझ्या बायकोला नेलं. इतका आनंदलेला माणूस मी त्या गल्लीत पाहिला नव्हता आणि त्या आनंदाचाच मला आज राग येतो.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी तोच ट्रकवाला निरोप घेऊन आला. आप्पा शेतात, विहिरीपाशीच, बसल्या जागी गेला होता. नाना ते धोतर घेऊन फैजपूरला गेले, आणि ते आप्पाच्या अंगावर घातलं गेलं.

अखाजी आली. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाची घागर त्याच्या मुलांनी भरायची, ती फैजपूरला भरली गेली. तरी नानांनी इकडेही भरली. मातीची नवी घागर, वर खरबूज आणि आंबा. रज्जाकभाई धुळ्याहून पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आले होते, ते टोपी सारखी करून बाजूला बसले. पूजा झाल्यावर नानांनी ते अलिगढी कुलूप किल्लीसकट रज्जाकभाईंच्या पिशवीत टाकलं.

"नानासाब, और ये किताबें?" रज्जाकभाई घाबरून म्हणाले. "कोणी उचलून नेली तर?"

"नेऊ देत. पण दारात आलेलं माणूस कुलूप बघून परत जायला नको."

मग त्यांनी घागरीतलं पाणी पेल्यात ओतलं. माझी बायको पेला घ्यायला पुढं झाली. "नको सूनबाई," नाना म्हणाले, "त्यानं माझ्याच हातचं मागितलं होतं." आणि बाहेर जाऊन त्यांनी तो पेला ओट्यावर, आप्पा बसला होता त्या जागी ठेवला.