सकाळी साडेआठची शुभ रात्री

सकाळी साडेआठ वाजता, ऊन चांगलं वर आलेलं असताना, टीव्हीवर येऊन "शुभ रात्री, आता झोपा" असं सांगणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच असेल आणि तो आमच्या चॅनेलवर आहे. हे मी आज अभिमानानं सांगते. पहिल्या दिवशी मात्र मला वाटलं होतं, म्हातारा सकाळी सकाळी थोडी घेऊन आलाय.

आमचं चॅनेल म्हणजे भोसरीत हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक धड कॅमेरा आणि एक लहरी. दिल्लीत काय चाललंय ते आम्ही सांगत नाही. आज पाणी कुठं येणार नाही, कंपनीच्या बस कुठल्या चौकातून वळवल्या, चाकणला कांदा काय भावानं गेला आणि कोणाच्या मुलीनं कबड्डीत ढाल आणली, हे आम्ही सांगतो. ते आमच्याआधी कोणी सांगून दाखवावं! मी पडद्याखाली पळणारी पट्टी टाइप करते आणि नाना कड बातम्या वाचतात.

नाना चाकणकडच्या एका गावातले. कंपनीत लागले, भोसरीत बिऱ्हाड केलं आणि अठ्ठावीस वर्षं तिसऱ्या शिफ्टला काढली. रिटायर झाल्यावर, आवाज बरा म्हणून इथं आले. कॅमेरा चालू असला की नाना छापील मराठी बोलतात, बंद झाला की गावची. तिसरी शिफ्ट सकाळी सातला सुटते. माणूस घरी येतो, आंघोळ करतो, चार घास खातो आणि साडेआठला आडवा होतो. नानांचं बातमीपत्र या माणसासाठी. आमची बाकीची बातमीपत्रं एकदा रेकॉर्ड होतात आणि दिवसभर फिरतात. हे एक नाना रोज ताजं वाचतात.

"रातभर मशीनपुढं हुबा ऱ्हायलेल्या मान्साला शिळी बातमी वाढायची व्हय?" असं त्यांचं म्हणणं.

त्यांची वाचायची तऱ्हाही निराळी. अपघात, भांडणं, मोर्चे आधी उरकायचे. मग शाळेचं स्नेहसंमेलन, मग कांद्याचे भाव. आवाज उतरत उतरत जातो आणि कांद्यापर्यंत आमचा कॅमेरामनच जांभया द्यायला लागतो. शेवटी बाकीच्या वस्तीला सूचना. त्या मला तोंडपाठ आहेत. "शेजारी कोणीतरी आत्ताच झोपलं आहे. मिक्सर चारनंतर. ड्रिल मशीन गुरुवारी, कंपन्यांना सुट्टी असते तेव्हा. कुकर शेजारी लावा. शुभ रात्री."

त्यातली कुकरची भानगड आम्हाला कोणालाच कळत नसे. शेजारीही कोणीतरी झोपलेलं असलं तर? यावर ऑफिसात रोज एक विनोद व्हायचा. नाना मात्र दर सोमवारी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहत.

"ताई, तेवढं कुकरचं पट्टीवर टाका की."

"नाना, पट्टीवर पाणी, वीज, वाढदिवस आणि श्रद्धांजली. कुकर नाही."

"बरं ऱ्हायलं," म्हणत जायचे आणि पुढच्या सोमवारी पुन्हा हजर. चिवटपणात माणूस गोचिडाला हार जायचा नाही.

आमचे मालक शेखरशेठ. एकदा ते वैतागून म्हणाले, "नाना, तुमच्या बातम्या ऐकून लोक झोपतात हो!"

"मंग!" नानांची छाती फुगली. "झोपलीच पायजेत."

अशा माणसाचा अपमान तरी कसा करायचा?

पण गेल्या महिन्यात प्रकरण विनोदाच्या पुढं गेलं. ग्रहांच्या अंगठ्या विकणाऱ्या एका जाहिरातवाल्याला नेमकी साडेआठचीच वेळ हवी होती. शेठ म्हणाले, "नाना, आठ दिवस देतो. हे कोणी बघतं असं दाखवा, नाहीतर बंद."

मी पट्टीवर आमचा नंबर फिरवला: साडेआठच्या बातम्या बघत असाल तर फोन करा. आठ दिवसांत दोन फोन आले. एक राँग नंबर होता आणि दुसरा अंगठीवाल्याचा. मीच दर तासाला फोन चालू आहे ना ते बघू लागले. नानांचं आपलं एकच, "झोपलेला मानूस फोन कसा करंल, ताई?" बोलायचे असं, पण त्या आठवड्यात डबा तसाच परत न्यायचे. ते मी पाहत होते.

आठव्या दिवशी त्यांनी शेवटच्या बातम्या वाचल्या. कांद्याचे भाव सांगितले, मिक्सर, ड्रिल, कुकर सगळं सांगितलं आणि म्हणाले, "उद्यापासून या वेळी अंगठ्या दिसतील. आपण सर्वांनी शांत झोपावं. शुभ रात्री."

अकराच्या सुमारास जिन्यात हालचाल झाली. दार उघडून बघते तर वरपासून खालच्या दुकानापर्यंत बायका उभ्या. कोणाच्या हातात भाजीची पिशवी, कोणाच्या कडेवर पोर. मोर्चाच होता तो, पण एवढा हळू बोलणारा मोर्चा मी जन्मात पाहिला नव्हता. शेठना ऐकू येईना.

"अहो, जरा मोठ्यानं बोला!"

"या टायमाला सवयच नाही हो," पुढची बाई कुजबुजली. ती लातूरकडची. "आमचे मालक रातपाळी करून झोपलेत घरी. हे बाबा टीव्हीत सांगायलेत म्हणून वरच्या मजल्यावरचं ड्रिल थांबलंय. आमचं कोण ऐकतंय? तुमी बंद करू नका."

तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेला कुकर होता, अजून गरम. "शेजारणीकडं लावला होता," ती जरा लाजून म्हणाली. "नेता नेता वर आले."

शेठ तिच्याकडं बघत राहिले, मग त्या जिन्याकडं. त्यांनी तिथंच अंगठीवाल्याला फोन लावला आणि दुपारची वेळ देऊन टाकली. काय गंमत, फोनवर तेसुद्धा कुजबुजतच बोलले.

बायका गेल्या. मी नानांना म्हटलं, "जिंकलात की!" तर नाना खुर्चीत बसून दाराकडं बघत होते.

"रिटायर झालो आन् घरात पयल्यांदा शिट्टी ऐकली," ते म्हणाले. "मी आमच्या मंडळींला इचारलं, नवा कुकर आनला का गं? ती नुसती हसली. पुढं दीड वर्सात ती गेली. दहाव्याला शेजारच्या काकू सांगत व्हत्या, वहिनी अठ्ठावीस वर्सं कुकर आमच्याकडं आणून लावायच्या. तुमी झोपलेले असायचा ना." नानांनी चष्मा काढला. "अठ्ठावीस वर्सं, ताई. आन् मी समजायचो, मला झोप चांगली हाय. तिला येका शब्दानं कदी काय म्हनलो न्हाई. म्हनायला कळायला तर पायजे!"

दर सोमवारी मी या माणसाला नाही म्हणत आले होते.

दुसऱ्या दिवशी साडेआठला नाना पुन्हा बसले. अपघात झाले, स्नेहसंमेलन झालं, कांदा झाला. आवाज उतरत उतरत शेवटच्या सूचनांपर्यंत आला, तेव्हा मी पाणी, वीज, वाढदिवस, श्रद्धांजली, सगळं बाजूला सारलं आणि पट्टीवर एकच ओळ सोडली: कुकर शेजारी लावा.

समोरच्या छोट्या टीव्हीत नानांना ती पळताना दिसली. अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा ते वाचता वाचता अडखळले. ओळ पूर्ण जाईपर्यंत थांबले आणि मग अगदी हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "शुभ रात्री."