कोठडी नंबर चारचा शिधा

आमच्या ह्यांच्या खापरपणजोबांची सतरा दिवसांची कैद भोगायची राहिली होती, ती वारसाने आमच्या ईश्वरीच्या नावावर आली. ईश्वरी आठ महिन्यांची आहे.

इंग्रजांच्या वेळचा तो तुरुंग. आता तिथे जिल्ह्याचं संग्रहालय आहे. जुनी कागदपत्रं लावताना त्यांना हे सतरा दिवस सापडले. हे म्हणाले, "माझ्या नावावर करा, मी बसतो."

तिथले कारकून बोधनकर म्हणाले, "राहिलेली कैद सगळ्यात लहान वारसाकडे जाते. पुरी होईपर्यंत माणूस टिकायला हवा."

"पण मुलगी आहे ती," मी म्हणाले.

"पूर्वी मुलींकडे जात नव्हती. आता समान हक्क आहे, ताई."

वेळ दहा ते पाच, सोमवारी सुट्टी. तेही चाललं असतं. माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. ईश्वरी अंगावर पिते, आणि कोठडीत कैद्याशिवाय कुणाला जाता येत नाही.

"जेवण मिळतं ना," बोधनकरांनी नियम वाचला. "दोन भाकरी, आमटी."

"दात नाहीत हो तिला."

त्यांनी कागदावर लिहिलं, कैद्यास दात नाहीत. मग बराच वेळ पुस्तक चाळलं. "माणूस आत जाऊ शकत नाही. शिधा जाऊ शकतो. तुम्हाला शिधा म्हणून घेतलं तर?"

"घ्या."

त्यांनी मला धान्याच्या काट्यावर उभं केलं. अठ्ठेचाळीस किलो भरले. "अंगात काही नाही तुमच्या," ते म्हणाले, "पण चालेल."

सतरा दिवस मी रोज दहाला आत जायचे. शाळेच्या सहली यायच्या. बाई मुलांना दाखवायच्या, हा कैदी आणि हे त्याचं जेवण. मुलं वहीत लिहून घ्यायची. ईश्वरी रांगायला तिथेच लागली.

कैद संपली तशी ह्यांनी तिला कडेवर घेतलं. मीही चपला घातल्या, तर बोधनकर म्हणाले, "तुम्ही कुठे? कैदी सुटला. उरलेला शिधा पुढच्या कैद्याला जातो."

शेजारच्या कोठडीत दीड महिन्याचं बाळ आणलं होतं, पणजोबांचे चार महिने घेऊन. त्याची आई बाहेर गज धरून उभी होती. "मला दूधच येत नाही हो," ती म्हणाली.

मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसले.

हे ईश्वरीला रोज घेऊन येतात. पाच वर्षांखाली तिकीट नाही. तिला आता वरचं सुरू केलं आहे. गजाशी बसून नाचणीची खीर खाते.